सगळ्यांचं रीडिंग ९.८

जर्नलं मिटा. पेनं खाली ठेवा. मागच्या टेबलावरचे दोघं, तुम्हालाही सांगतोय. हसण्यासारखं पुढच्या अर्ध्या तासात काही निघणार नाही.

प्रयोग काय होता? बाटलीतल्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लापासून ०.१ नॉर्मलचं २५० मिली द्रावण करायचं, ते सोडियम कार्बोनेटच्या ०.१ नॉर्मल द्रावणाशी टायट्रेट करायचं आणि त्याची खरी नॉर्मॅलिटी काढायची. पहिल्या वर्षाचा प्रयोग, यात डोकं फुटावं असं काही नाही. आम्लाची बाटली एकच होती, कार्बोनेटचं द्रावण मी स्वतः वजन करून केलेलं होतं. आणि अख्ख्या बॅचचं रीडिंग ९.८. तेही तीन-तीनदा. ९.८, ९.८, ९.८. इतकी एकी चोपडा तालुक्यातल्या एखाद्या बिनविरोध ग्रामपंचायतीतही दिसायची नाही.

मग मी मागचं पान उलटलं, जिथे तुमची आकडेमोड असते. तिथे मात्र एकी नाही. तिथे तीन पंथ आहेत. पहिल्या पंथाने बाटलीतून ०.७ मिली आम्ल घेतलं. दुसऱ्याने २.६ मिली. तिसऱ्याने २.२ मिली. आम्ल कमी-जास्त घेतलं तर द्रावण कमी-जास्त ताकदीचं होणार, हे सातवीतलं पोरही सांगेल. मग तिन्ही द्रावणांना ब्युरेटमधून उतरायला ९.८ मिलीच कसे लागले? ०.७ वाल्यांचं द्रावण ०.०३ नॉर्मलच्या आसपास भरतं. १० मिली कार्बोनेटला त्याचे ३३ मिली लागायला हवेत. तेहेतीस! ब्युरेट दोन तृतीयांश रिकामी झाली असती तुमच्या डोळ्यांदेखत. २.६ वाल्यांचा रंग ९ च्या आसपासच बदलायला हवा होता.

आणि २.२ वाल्यांनो, सुटलात असं समजू नका. तुमची आकडेमोड बरोबर, पण रीडिंग तुमचंही खोटं. काल सकाळी तुम्ही यायच्या आधी मी त्याच बाटलीतून २.२ मिली घेऊन द्रावण केलं होतं. माझं रीडिंग आलं १०.७. का, ते सांगतो. ती बाटली गेल्या वर्षी फोडलेली आहे. वर्षभरात कितीदा उघडली गेली असेल मोजा. झाकण काढलं की पांढरा धूर दिसतो ना, तो धूर म्हणजे बाटलीतलं हायड्रोजन क्लोराइडच हवेत चाललेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ च्या घरात, आणि बाटलीचं बूच कधी घट्ट, कधी ढिलं. आम्ल थोडं उतरलेलं आहे. मग रीडिंग १० च्या वर जाणार, खाली नाही. ९.८ हे रीडिंग गेल्या वर्षीचं आहे, बाटली नवी होती तेव्हाचं. गेल्या वर्षीच्या कुणाचं तरी जर्नल या वर्गात हातोहात फिरलं आहे. ते कुणाचं, हे मला विचारायचंही नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याला नेऊन द्या आणि सांगा की बाटलीने चहाडी केली.

एकाने तर उत्तर लिहिलंय ०.१०२०४०८१६ नॉर्मल. नऊ आकडे! ब्युरेटवर तुला दशांशानंतर एक आकडा नीट वाचता येतो, दुसरा अंदाजाने. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने जे थुंकलं ते सगळं उतरवून काढलं. ०.१०२ पुरे. बाकीचे आकडे कुठून आले?

आता मुळात जाऊ. "सर, फॉर्म्युला तर बरोबर आहे ना?" असं विचारणारे तुमच्यात बरेच आहेत. एन वन व्ही वन इज इक्वल टू एन टू व्ही टू. झोपेतून उठवलं तरी म्हणाल. फॉर्म्युला बरोबरच आहे. त्यात काय घालायचं याचा विचार चुकला. एन वन म्हणजे बाटलीतल्या आम्लाची नॉर्मॅलिटी. ती बाटलीवर लिहिलेली नसते. बाटलीवर काय लिहिलेलं असतं? सांगा. कुणीतरी सांगा. आठवडाभर ती बाटली तुमच्या नाकासमोर होती.

लेबलवर तीन गोष्टी असतात. वजनाने टक्केवारी, आपल्या बाटलीवर ३५.४. रेणुभार ३६.४६. आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात, एक लिटर बरोबर १.१८ किलो. तो कोपरा कुणी वाचत नाही. तिथेच सगळं गणित आहे.

पहिल्या पंथाने ३५.४ हीच नॉर्मॅलिटी धरली. टक्के आणि नॉर्मल यांत फरक आहे हे यांच्या गावीही नाही. २५० गुणिले ०.१ म्हणजे २५, त्याला ३५.४ ने भागलं, ०.७ मिली. दुसऱ्या पंथाने निदान टक्क्यांचं मोलमध्ये रूपांतर करायचा प्रयत्न केला, पण लिटरमध्ये १००० ग्रॅम आम्ल धरलं. अरे, ते पाणी आहे का? जड आहे ते. लिटरला ११८० ग्रॅम भरतं. बाटली हातात घेतली तेव्हा मनगटाला कळलं नाही? ११८० चे ३५.४ टक्के म्हणजे जवळजवळ ४१८ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. त्याला ३६.४६ ने भागा, ११.४६ आलं. ही बाटलीतल्या नव्या आम्लाची नॉर्मॅलिटी. २५ भागिले ११.४६, म्हणजे २.१८ मिली. झालं. चार ओळी. चार ओळींसाठी तुम्ही गेल्या वर्षीचं जर्नल शोधत हॉस्टेलभर फिरलात.

आणि समजा आकडेमोड चुकलीच, तरी उत्तर बघून शंका यायला नको का? बाटलीतलं आम्ल अकरा-बारा नॉर्मलचं, मला हवं ०.१ चं. म्हणजे शंभर-सव्वाशे पट पातळ करायचंय. २५० ला १२० ने भागलं तर दोनच्या जरा वर. हे तोंडी व्हायला हवं, पेन उचलायच्या आधी. ०.७ आलं की आतून कुठेतरी टोचायला हवं, काहीतरी गडबड आहे म्हणून. तुम्हाला टोचत नाही, कारण आलेल्या आकड्याकडे तुम्ही बघतच नाही. आकडा आला की चौकोनात लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या, संपलं.

तापीपलीकडे अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. मुलांना मायेने जिंकायचे. मी त्यांच्या पंथातला नाही, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल.

मोजण्याची गोष्टही सांगून टाकतो. एकाने २.२ मिली आम्ल १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरने मोजलं. त्या सिलिंडरवर रेघच मिलीमिलीची आहे. २.२ काय, ३ आलं असेल. ५ मिलीचा ग्रॅज्युएटेड पिपेट समोर होता, रबरी बल्बसकट. पिपेट तोंडाने ओढायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि संहत आम्ल तर हुडाच्या बाहेर आणायचंच नाही. दुसऱ्याने २५० मिली पाणी आधी मोजून घेतलं आणि त्यात २.२ मिली आम्ल टाकलं. झाले २५२.२. द्रावण २५० मिली "करायचं" असतं, पाणी २५० मिली "घ्यायचं" नसतं. फ्लास्कमध्ये निम्म्याच्या वर पाणी, मग आम्ल, हलवा, गार होऊ द्या, मग मानेवरच्या खुणेपर्यंत पाणी, शेवटचे थेंब ड्रॉपरने, डोळा खुणेच्या रेषेत. फ्लास्कवर तापमान छापलेलं असतं, २० किंवा २७ अंश. ते शोभेला नाही. ४० अंशांच्या द्रावणाने खूण गाठलीत, तर तेच द्रावण २७ अंशांवर लिटरमागे चार मिलीने आत जातं. उन्हाळ्यात आपल्या प्रयोगशाळेचं छत काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता सल्फ्युरिकवर येतो, कारण त्यावर मला राग आलेला नाही. मला भीती वाटली. राग आणि भीती यांतला फरक तुम्हाला पुढे कळेल.

काम होतं १ नॉर्मलचं ५०० मिली सल्फ्युरिक. बाटलीवर ९८ टक्के, लिटर बरोबर १.८४ किलो, रेणुभार ९८. इथे गणित आपोआप सुंदर निघतं. लिटरमध्ये १८.४ मोल. पण सल्फ्युरिकचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून नॉर्मॅलिटी दुप्पट, ३६.८. ५०० ला ३६.८ ने भागलं, १३.६ मिली. निम्म्या वर्गाने १८.४ ने भागलं आणि २७ मिली घेतलं. म्हणजे दुप्पट ताकदीचं द्रावण. ही चूक मी समजू शकतो, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत गोंधळ होतो. लाल रेघ मारली, पुढे गेलो.

पण एकाने सिलिंडरमध्ये आधी आम्ल घेतलं आणि वरून वॉश बॉटलने पाणी सोडायला हात उचलला. लॅब अटेंडंटने मनगट धरलं म्हणून निभावलं. त्या माणसाला विज्ञानातली पदवी नाही. तुमच्यापेक्षा जास्त कळतं त्याला.

पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. हे वाक्य भिंतीवर लाल अक्षरात आहे, आणि भिंतीवर आहे म्हणूनच तुम्ही ते वाचत नाही. का, ते ऐका. सल्फ्युरिक पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. वरून टाकलेलं पाणी तळाशी जात नाही, आम्लाच्या पाठीवर तरंगतं. मिसळतं ते फक्त त्या एका पातळ थरात. सल्फ्युरिकच्या एका मोलमागे, भरपूर पाण्यात, सुमारे ९५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. तुमच्या १३.६ मिलीमध्ये पाव मोल आहे, म्हणजे जास्तीत जास्त २४ किलोज्यूल. तेच आम्ल ४०० मिली पाण्यात बारीक धारेने, ढवळत सोडलं तर सगळं पाणी मिळून फार तर तेरा-चौदा अंशांनी तापतं. काचेला हात लावला तर कोमट लागतं. पण उलट केलंत तर उष्णता वाटून घ्यायला चार चमचेच पाणी असतं. ते बघता बघता उकळतं आणि वाफ होताना आपल्याबरोबर आम्ल उडवतं, तोंडावर, डोळ्यात. काचेचं सिलिंडर तडकतं ते वेगळंच. आणि तो मुलगा चष्मा न लावता उभा होता. सेफ्टी गॉगल खिशात! खिशाला डोळे असतात का रे?

सर, इतलं चालस ना, असं त्याने मला वर विचारलं. नाही चालत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली, विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-गाव-ओळखपत्र नोंदवायचं. देश या बाटलीबद्दल इतका विचार करतो आणि तुम्ही तिला तुरटीच्या पाण्यासारखी वागवता.

आता ज्याने ०.७ मिली घेतलं त्या पहिल्या पंथाच्या म्होरक्याला उभं करतो. ऊठ. तुझ्या घरी केळीचा बाग आहे. ठिबकवर. मघाशी वर्ग भरायच्या आधी मी तुला व्हरांड्यात एक प्रश्न विचारला होता. ड्रिपर चोंदले तर काय करता? तू काय सांगितलंस, ते मी सगळ्यांना सांगतो, कारण तू स्वतः सांगणार नाहीस.

त्याने सांगितलं की त्यांच्या विहिरीचं पाणी जड, क्षाराचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून वर्षातून आम्ल प्रक्रिया करतात. बाजारातलं ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आणतात. आधी त्याच विहिरीचं १० लिटर पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्यायचं. त्यात मिलीमिलीने आम्ल सोडत जायचं, लाकडी काडीने ढवळायचं, दर वेळी पीएच पेपर बुडवून रंग बघायचा. सामू ४ च्या खाली आला की थांबायचं आणि किती मिली लागले ते लिहायचं. त्यांना लागले ८ मिली, म्हणजे लिटरला ०.८. मग व्हॉल्व्हचा प्रवाह धरायचा. तासाला २०,००० लिटर. १५ मिनिटं आम्ल सोडायचं, म्हणजे ५,००० लिटर पाणी. ५,००० गुणिले ०.८, ४,००० मिली, ४ लिटर आम्ल. ते ४ लिटर टाकीतल्या पाण्यात सोडायचं, आम्लात पाणी नाही, आणि व्हेंचुरीने पंधरा मिनिटांत संपेल असं ओढू द्यायचं. फिल्टरच्या पुढे सोडायचं, नाहीतर फिल्टरचं लोखंड खातं. मग पंप बंद, एक दिवस नळ्यांत आम्ल मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी लॅटरलच्या शेवटच्या टोप्या काढून नळ्या धुवायच्या. आणि ब्लीचिंग पावडर त्याच टाकीत कधीही नाही, क्लोरीन वायू होतो. हेही त्याने न विचारता सांगितलं.

मी त्याला विचारलं, टाकीत पाणी वीस लिटर घेतलं काय आणि चाळीस घेतलं काय, नळीत काही फरक पडेल का? तो म्हणाला, "नाही सर, आम्ल तेवढंच जातंय ना. चाळीस घेतलं तर फक्त व्हेंचुरी जास्त ओढती पाहिजे." म्हणजे एन वन व्ही वन तुला मी शिकवायच्या आधीपासून येतं! पाणी कितीही घाल, आम्लाचे ग्रॅम तेवढेच राहतात, हेच त्या सूत्रात आहे. दुसरं काहीच नाही.

मग इथे ०.७ कसं आलं? सांगतो. तिथे केळी तुझी आहे. आम्ल जास्त झालं तर मुळं जळतील, कमी झालं तर थर सुटणार नाही आणि मृगबागेची झाडं उन्हाळ्यात तहानलेली राहतील. म्हणून तू बादली घेतोस, पीएच पेपर घेतोस, काकांना विचारतोस, पुन्हा मोजतोस. इथे जर्नल माझं, सही माझी, मार्क माझे. म्हणून आकडा कुणाचाही चालतो. तुझ्या अकलेत खोट नाही. ती तू गेटवर काढून ठेवून येतोस. आणि तुझ्या एकट्याबद्दल नाही बोलत मी. या वर्गातल्या अर्ध्यांच्या घरी ठिबक आहे, एकदोघांच्या घरी सराफी आहे, तिथे सोनं कस लावून, तेजाब लावून पारखतात. तेजाबाचा थेंब कमी-जास्त झाला तर घरचे मोठे काय म्हणतील, ते मला सांगू नका.

आता पुढचं. यातले काही फार्मसीला जाल, काही पाणी तपासणीला, काही माती परीक्षणाला. मातीतला सेंद्रिय कार्बन वॉकली आणि ब्लॅक यांच्या पद्धतीने काढतात, १९३४ पासून. एक नॉर्मल डायक्रोमेट, वर संहत सल्फ्युरिक, आणि उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. त्या फेरसच्या नॉर्मॅलिटीवर सगळं उत्तर उभं. कुणीतरी शेतकरी धानोऱ्याहून, लासूरहून पिशवीत माती घेऊन येईल. तो तुम्हाला विचारणार नाही की नॉर्मॅलिटी काल काढली की गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवली. तो कागदावरचा आकडा घेईल आणि त्याप्रमाणे खताच्या गोण्या टाकेल. तुमच्या जर्नलमध्ये खोट्या रीडिंगने माझं एक पान खराब होतं. तिथे त्याचं एक वर्ष जाईल, आणि त्याला कधी कळणारही नाही की कुणामुळे.

"सर, सगळेच करतात" हे उत्तर मला कुणी दिलं तर त्याने आत्ताच दार धरावं.

आणि एक गैरसमज काढून टाका. रीडिंग १० आलं म्हणजे प्रयोग बरोबर, १०.७ आलं म्हणजे चूक, असं नाही. लेबलवरून काढलेलं २.१८ हा अंदाज आहे. बाटली जुनी, पिपेटची रेघ जाड, हात थोडा थरथरला. म्हणूनच आपण द्रावण करून थांबत नाही, कार्बोनेटशी पडताळून बघतो. कार्बोनेटचं वजन करता येतं, ते हवेत उडून जात नाही, त्याच्यावर विश्वास ठेवता येतो. हायड्रोक्लोरिकवर ठेवता येत नाही. १०.७ आलं तर ०.०९३५ नॉर्मल लिहा. तेच खरं उत्तर आहे, आणि त्याला मी पूर्ण मार्क देतो. ०.१ च यायला हवं असा माझा हट्ट कधी नव्हता.

सगळ्यांची पानं मी फाडलेली नाहीत. लाल शाईने आडवी रेघ मारली आहे. ती रेघ जर्नलमध्ये राहील, परीक्षकाला दिसेल, त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

उद्या सकाळी साडेदहाला दोन्ही प्रयोग पुन्हा. येताना कोऱ्या कागदावर दोन्ही बाटल्यांची लेबलं उतरवून आणायची, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरासकट. लेबलं बघायची असतील तर आत्ता बघा, कपाटाची काच पुसलेली आहे. त्याखाली स्वतःची आकडेमोड, आणि आकडेमोडीच्या आधी तोंडी अंदाज काय होता तो. कागद मला दाखवल्याशिवाय कपाटाची किल्ली अटेंडंट देणार नाही, तसं मी त्यांना सांगून ठेवलंय. गॉगल डोळ्यांवर नसेल त्याने दाराबाहेर उभं राहायचं. ब्युरेट भरताना मी प्रत्येकाच्या टेबलाशी येईन. आणि हो, रात्री मी बाटली बदलणार आहे. नवी कोणती आणि तिची टक्केवारी किती, ते उद्या लेबलवरच वाचा.